दुपारी पीसी धाडकन बंद पडायलाय : गरमीनं की एसएमपीएसनं?

जेकार्ड_अशोकचौक | मंगळवार, सायं. ५:१०

नमस्कार मंडळी. मशीन सोलापुरात, कारखान्याला लागून असलेल्या खोलीत आहे. टॉवेल-चादरीची जेकार्ड डिझाइन आणि कॅटलॉगच्या फोटोंचं काम चालतं.

इंटेल आय५-१०४०० प्रोसेसर (सीपीयू), त्याच्यासोबत आलेलाच कूलर, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर, एक एसएसडी, एक हार्डडिस्क. कॅबिनेट पुढून काचेचं. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटबरोबर आलेला, वर ४५० वॅट लिहिलंय. यूपीएस ६०० व्हीए. विंडोज १०.

एप्रिल लागल्यापासून त्रास सुरू. सकाळी काही नाही. दुपारी एक ते चारच्या दरम्यान दोन प्रकार होतात. एक, मशीन आधी मंद होतं, माउससुद्धा अडखळतो. दोन, रेंडर लावलं की धाडकन सगळं बंद, पंख्यासकट. मग पुढचं बटण दाबून काही होत नाही. मागचा स्विच बंद करून थोडं थांबून परत चालू केलं की उठतं. मधूनच आपोआप रिस्टार्टही होतं. एकानं मदरबोर्ड बदला म्हणून सांगितलंय. खर्चात पडायच्या आधी काय तपासू?

सातरस्ता_४ | सायं. ५:२२

सीपीयू आणि कूलरमधली थर्मल पेस्ट वाळली असणार. नवीन पेस्ट लावा, काम झालं. उन्हाळ्यात सगळ्यांचं हेच असतं.

एसएमपीएस_तपासनीस | सायं. ६:०५

पेस्ट लागेलच, पण तेवढ्यानं भागणार नाही. लक्षणं दोन वेगळ्या आजारांची दिसतात.

सीपीयू तापला की तो लगेच बंद पडत नाही. १०४०० ची मर्यादा १०० अंश आहे. तिथं पोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि त्यातूनच मशीन मंद होतं, माउस अडखळतो. वेग उतरवूनही तापमान वाढतच राहिलं तरच शेवटचा उपाय म्हणून चिप वीज तोडायला सांगते. असं सहसा कूलर सुटला असेल किंवा पंखा थांबला असेल तेव्हाच होतं. काही बोर्ड पुढच्या वेळी चालू करताना 'सीपीयू ओव्हर टेंपरेचर' असा इशाराही दाखवतात.

धाडकन बंद, बटणाला दाद नाही, मागचा स्विच फिरवल्यावरच उठतं, हे सीपीयूचं लक्षण नव्हे. एसएमपीएसमधलं संरक्षण पडलं की बहुतेक एसएमपीएस तसेच अडकून राहतात. मेन काढून आतले कपॅसिटर रिकामे झाले की ते अडकणं सुटतं. थंड होईपर्यंत उठतच नसेल तर त्याचं स्वतःचं तापमान-संरक्षण पडलेलं असू शकतं.

राहिलं आपोआप रिस्टार्ट. त्यात दोन शक्यता. निळा पडदा येऊन विंडोजनंच रिस्टार्ट घेतला, किंवा एसएमपीएसचा 'पॉवर ओके' सिग्नल क्षणभर गेला. आधी हे वेगळं करा.

१. सिस्टिम प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी. तिथली 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची खूण काढा. पुढच्या वेळी निळा पडदा आला तर तो थांबून राहील, फोटो काढता येईल.

२. इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. फिल्टरमध्ये ४१, १००१, ६००८ आणि १८ हे आकडे टाका. ४१ म्हणजे कर्नल-पॉवर. ती नोंद उघडून डिटेल्समध्ये 'बगचेककोड' बघा. शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आत वीज गेली. शून्य नसेल तर निळा पडदा आला होता. तो आकडा दशमानात असतो, म्हणजे २९२ दिसला तर स्टॉप कोड १२४, हार्डवेअर एरर. २७८ दिसला तर ११६, म्हणजे ग्राफिक्स कार्डानं उत्तर देणं सोडलं. १८ नंबरची डब्ल्यूएचईए (हार्डवेअर एररची) नोंद सोबत असेल तर तीही इथं टाका.

तोवर मदरबोर्डाला हात लावू नका.

ज्वारीची_कडक_भाकरी | रात्री ८:४०

त्यांनी सांगितलेलं कराच. सोबत एचडब्ल्यूइन्फो६४ (तापमान-व्होल्टेज दाखवणारं सॉफ्टवेअर) उतरवून घ्या, चालू करताना 'सेन्सर्स ओन्ली' निवडा. खाली लॉगिंगचं बटण आहे, ते दाबलं की सीएसव्ही फाइल बनते. सेटिंगमध्ये पोलिंग १००० मिलिसेकंदांवर आणा, नाहीतर शेवटच्या क्षणाची नोंद हुकते. मशीन मेलं तरी फाइलमध्ये आधीच्या सेकंदापर्यंतचे आकडे राहतात.

फाइलमध्ये या रांगा बघायच्या: सीपीयू पॅकेज तापमान, सीपीयू पॅकेज पॉवर, कोअर क्लॉक, 'थर्मल थ्रॉटलिंग' होय/नाही, जीपीयू तापमान, जीपीयू हॉट स्पॉट, जीपीयू पॉवर, आणि +१२ व्होल्ट.

एक गोष्ट हटकून राहून जाते, ती म्हणजे खोलीचं तापमान. भिंतीवरचं साधं थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, हवा जिथून आत शिरते तिथं ठेवा आणि प्रत्येक चाचणीला आकडा लिहा. सीपीयूचं तापमान एकटं बघून काही कळत नाही. जानेवारीत खोली २६ असताना ७० दाखवणारं तेच मशीन मेमध्ये खोली ४१ असताना ८५ दाखवणार. त्यात बिघाड नाही, सोलापूर आहे. सीपीयूतून खोली वजा करा. तुमच्या सीपीयूला सोबतच्या कूलरवर पूर्ण लोडला हा फरक साधारण ४०-४५ यायला हवा, रिकामं असताना १० च्या आसपास. फरक त्याहून मोठा असेल तर हवा किंवा कूलर दोषी. फरक नेहमीएवढा असून मशीन बंद पडत असेल तर तापलेला सीपीयू गुन्हेगार नाही.

जेकार्ड_अशोकचौक | बुधवार, दु. ४:४५

सगळं केलं. ४१ च्या नोंदी भरपूर, जवळपास सगळ्यांत बगचेककोड ०. एकाच नोंदीत २७८. १८ नंबरची एकही नाही.

खोली ३९. मशीन रिकामं असताना सीपीयू ५८. प्राइम९५ (सीपीयूवर पूर्ण ताण देणारी चाचणी) लावल्यावर दोन मिनिटांत ९९-१००, क्लॉक ४.० वरून २.५ गिगाहर्ट्‌झवर आलं, थ्रॉटलिंग 'येस'. पण बंद पडलं नाही! अर्धा तास तसंच रखडत चाललं. मग प्राइम९५ थांबवून ग्राफिक्स कार्डावर तशीच ताणाची चाचणी, फरमार्क, लावली. जीपीयू ८३, बंद नाही. दोन्ही एकत्र लावल्यावर मिनिटाच्या आत धाडकन. लॉगमध्ये शेवटचा +१२ चा आकडा ११.३२.

नवीपेठ_रिपेअर | बुधवार, सायं. ६:००

हे बघा, चित्र स्वच्छ आहे. सीपीयू एकटा १०० वर जाऊनही मशीन मरत नाही, ग्राफिक्स एकटं लावूनही मरत नाही, दोघं एकत्र ओढायला लागले की मरतं. तापमानाचा त्रास आहेच, पण बंद पाडणारा दुसरा आहे. दोन्ही दुरुस्त्या कराव्या लागणार. क्रम असा ठेवा की आधी फुकटातली, मग विकतची.

सफाई. कारखान्याच्या शेजारी आहे म्हणालात म्हणून लांबण लावतो, कारण आपल्याकडं घरातल्या धुळीचे नियम चालत नाहीत. घरातली धूळ ब्लोअरनं उडते. मागाच्या शेडमधले सुताचे तंतू उडत नाहीत, ते एकमेकांत गुंततात. कूलरवरचा पंखा काढून बघा. वरून पंखा बऱ्यापैकी स्वच्छ दिसेल, पण पंख्याच्या पोटाखाली हीटसिंकच्या पात्यांवर करड्या नमद्यासारखा सलग थर बसलेला असेल, कडा धरून उचलला तर गोल चकतीसारखा एका तुकड्यात निघतो. त्याच्या खालच्या पात्या नव्यासारख्या चकाकतात, कारण तिथं हवाच पोचलेली नसते. पंखा फिरतोय, आवाज करतोय, आरपीएम बरोबर दाखवतोय आणि हवा शून्य. वरून ब्लोअर मारलात तर हा थर पात्यांच्या आत आणखी दाबला जातो.

म्हणून: वीज काढा, पुढचं बटण दहा सेकंद दाबून धरा. तुमच्या कूलरला चार पुशपिन आहेत. प्रत्येक पिनच्या डोक्यावर बाणाची खूण आहे, त्या दिशेनं पाव फेरा फिरवून वर ओढा. कूलर उचलला की थर चिमट्यानं काढा, मग पात्यांमधून मऊ ब्रश, मग ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. हवेनं भन्नाट फिरली की बेअरिंग जातं. कारखान्यातला कॉम्प्रेसर वापरू नका, त्याच्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं, शिवाय प्रेशर इतकं की बोर्डावरचे सुटे भाग उडतील.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चष्मा पुसायच्या कापडानं पुसा. नवीन पेस्ट वाटाण्याएवढी मध्यभागी, बोटानं पसरवायची गरज नाही, कूलरच दाबून पसरवतो. बसवण्याआधी चारही पिन उलट फिरवून मूळ जागी आणा. मग समोरासमोरच्या तिरक्या जोडीनं दाबा, प्रत्येकीचा टक असा आवाज यायला हवा. बोर्डाच्या मागून बघा, चारही ठिकाणी पांढऱ्या पायातून काळी खुंटी पूर्ण बाहेर आलेली दिसली पाहिजे. तीन बसून एक अर्धवट राहणं ही या कूलरची जुनी खोड. अशा वेळी महागडी पेस्टसुद्धा काही करू शकत नाही.

ग्राफिक्स कार्डाचे पंखे आणि एसएमपीएसची जाळीही साफ करा. एसएमपीएस उघडायचा नाही, बाहेरूनच.

आणि काचेचं तोंड. काच आणि चौकट यांच्यातल्या फटीतून हवा येते, ती फट तंतूंनी बंद झालेली असणार. काच काढून तिथं बारीक नायलॉनची जाळी लावा, आठवड्याला झटकता येईल अशी.

एसएमपीएस_तपासनीस | बुधवार, रात्री ९:१५

सफाई चालू असतानाच कॅबिनेटची बाजू उघडून एसएमपीएसवरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरातला '४५०' सोडून द्या. +१२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलंय ते सांगा. लेबलवर दोन १२ च्या रांगा असतील तर खाली 'मॅक्स कंबाइंड' वॅट दिलंय का तेही बघा.

दुसरं, ग्राफिक्स कार्डाला लागणारी ८ पिनची वायर थेट एसएमपीएसमधून येते की मध्ये अ‍ॅडॉप्टर आहे?

तिसरं, मल्टीमीटर आहे का? असेल तर डीसी २० व्होल्टवर ठेवा. मोकळा मोलेक्स (एसएमपीएसमधून येणारा चार पिनचा) कनेक्टर घ्या, काळी प्रोब काळ्या वायरच्या खोबणीत, लाल प्रोब पिवळीत. हे १२. लाल वायरीत ५. मशीन चालू ठेवूनच मोजायचं, प्रोब एकमेकांना लागू देऊ नका. रिकामं असताना, फक्त प्राइम९५, आणि दोन्ही एकत्र, असे तीन आकडे घ्या. एचडब्ल्यूइन्फोचा १२ चा आकडा बोर्डावरच्या चिपचा अंदाज असतो, त्यावर पैसे खर्च करायचे नाहीत.

मर्यादा ±५ टक्के: १२ साठी ११.४० ते १२.६०, ५ साठी ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.३ साठी ३.१४ ते ३.४७.

होटगीरोड_गेमर | बुधवार, रात्री ९:३१

हिरवी आणि काळी वायर क्लिपनं जोडून एसएमपीएस चालू होतो का ते बघितलं तर नाही का चालणार? पंखा फिरला म्हणजे चांगला.

एसएमपीएस_तपासनीस | बुधवार, रात्री ९:५०

त्यातून एवढंच कळतं की तो अगदीच मेलेला नाही. लोडशिवाय १२ व्होल्ट कुणीही देतो. त्यांचा चालू होतोच आहे, प्रश्न ओढ बसल्यावरचा आहे.

जेकार्ड_अशोकचौक | गुरुवार, सायं. ५:३०

आधी सफाई. पंखा काढल्यावर नवीपेठ_रिपेअर यांनी लिहिलंय तसाच थर निघाला, पोस्टकार्डाएवढा जाड. एक पुशपिनही अर्धवट बसलेली होती. पेस्ट नवीन लावली. आता खोली ४० असताना रिकामं ५१, प्राइम९५ वर ८३, क्लॉक ४.० वरून हलत नाही. मंद होणं थांबलं.

पण दोन्ही एकत्र लावले की बंद, आता तर लवकर बंद.

लेबल: +१२ व्होल्ट १६ अँपिअर. एकच रांग. ८ पिन थेट येत नाही, दोन मोलेक्सचं मिळून एक ८ पिन असं अ‍ॅडॉप्टर आहे. ते काढून बघितलं तर एका मोलेक्सच्या पिवळ्या वायरीजवळ पांढरं प्लास्टिक तपकिरी झालंय.

मीटरवर: रिकामं ११.७८, प्राइम९५ वर ११.५२, दोन्ही एकत्र ११.२१ दिसलं आणि गेलं. ५ व्होल्ट रिकामं ५.११, दोन्ही एकत्र ५.२४.

एसएमपीएस_तपासनीस | गुरुवार, सायं. ७:००

तो अ‍ॅडॉप्टर परत जोडू नका. तपकिरी प्लास्टिक म्हणजे पिन सैल आहे, तिथं वीज उष्णता होऊन बसतेय. पुढची पायरी वितळणं.

आता हिशेब. १६ अँपिअर गुणिले १२ म्हणजे १९२ वॅट. लेबलवरचे बाकीचे वॅट ५ आणि ३.३ च्या रांगांत घातलेले असतात, आजच्या मशीनमध्ये त्यांना फारसं गिऱ्हाईक नाही. तुमची गरज: ग्राफिक्स कार्ड १२५, सीपीयू प्राइम९५ वर ८०-१००, बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ३५-४०. बेरीज २४० ते २६५, आणि त्यातलं बहुतेक १२ वरूनच. १९२ मधून २४० मागताय. सफाईनंतर लवकर बंद पडण्याचं कारणही हेच: आधी सीपीयू तापून २.५ गिगाहर्ट्‌झवर उतरायचा, म्हणजे वीजही कमी ओढायचा. आता तो पूर्ण वेगानं चालतो, तेवढी ओढ वाढली.

५ व्होल्टचा आकडा खरा बोलका आहे. १२ खाली जाताना ५ वर का गेला? स्वस्त एसएमपीएस १२ आणि ५ मिळून एकच नियंत्रण ठेवतात. १२ दबला की नियंत्रक दोघांनाही वर ढकलतो, १२ पुरेसा सावरत नाही आणि ५ फुगतो. ५.२४ म्हणजे काठावर. हार्डडिस्क आणि यूएसबीवरची यंत्रं ५ वरच चालतात, त्यामुळं हे नुसतं बंद पडण्यापुरतं राहत नाही.

दुपारीच का? एसएमपीएसचे वॅट ठरावीक तापमानाला मोजलेले असतात. साध्या मालात २५ ला मोजून लिहितात, तुमच्या कॅबिनेटच्या आत मेमध्ये ५० असतं. आतले कपॅसिटर ८५ अंशांचे असतील तर आणखी वाईट. दर १० अंशांमागं त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. सकाळी जो कसाबसा पुरतो तो दुपारी पुरत नाही.

मीटरबद्दल एक सावधगिरी बाकीच्यांसाठी. साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच मोजतो. मिलिसेकंदांतले झटके आणि १२ वरचा रिपल (मर्यादा १२० मिलिव्होल्ट) त्याला दिसत नाही. वाईट आकडा आला तर दोष सिद्ध. चांगला आकडा आला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, तिथं दुसरा लावूनच बघावं लागतं.

ज्वारीची_कडक_भाकरी | गुरुवार, सायं. ७:२५

नवीन येईपर्यंत काम थांबू नये म्हणून: ग्राफिक्स कार्ड काढून ठेवा, १०४०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे, मॉनिटरची वायर बोर्डाला लावा. डिझाइनचं काम निघेल.

ज्यांच्याकडं अ‍ॅडॉप्टर जळालेला नाही पण शंका एसएमपीएसवरच आहे त्यांना फुकटची चाचणी: आफ्टरबर्नरमध्ये (ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगचं सॉफ्टवेअर) पॉवर लिमिट ७० टक्के करा, आणि विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' ९९ करा, त्यानं टर्बो (सीपीयूचा वाढीव वेग) बंद होतं. या दोन बदलांनी बंद पडणं थांबलं तर शंकेला वजन येतं. हा इलाज नव्हे, चाचणी आहे.

सातरस्ता_४ | गुरुवार, रात्री ८:०२

मग कोणता घ्यायचा? ७५०?

नवीपेठ_रिपेअर | गुरुवार, रात्री ८:३०

७५० ची गरज नाही. ५५० वॅट, ८० प्लस ब्राँझ, +१२ वर ४० अँपिअरच्या पुढं, ८ पिन थेट एसएमपीएसमधून. ८० प्लसचा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, दर्जाचा नाही, आणि ती चाचणी खोलीच्या तापमानाला होते. म्हणून कंपनीच्या पानावर 'सलग लोड किती अंशांना' ते शोधा. ४० लिहिलं असेल तर ठीक, ५० लिहिलं असेल तर आपल्या गावासाठी ते घ्या. कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत का तेही बघा. वॉरंटी पाच वर्षं किंवा जास्त. सर्व्हिस सेंटर कुठं आहे ते बिल करायच्या आधी विचारा, पुण्याला पाठवायला लागत असेल तर मधले दिवस मशीन बंद.

साटाचं (हार्डडिस्कच्या वायरीला लागणारं) ८ पिन अ‍ॅडॉप्टर कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. साटा पॉवरच्या कनेक्टरमधून १२ वर ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅटच जायला हवेत. ८ पिन १५० मागू शकते.

एसएमपीएस खाली बसत असेल आणि कॅबिनेटला तळाला जाळी असेल तर पंखा खालच्या दिशेनं. पण तुमच्या जमिनीवर तंतू लोळतात, मशीन टेबलावर किंवा फूटभर उंच स्टँडवर ठेवा.

मीटरवाला | शुक्रवार, सकाळी १०:१५

एसएमपीएसचं ठरलं ते बरोबर आहे. पण भिंतीकडं कुणीच बघितलं नाही, आणि मागाच्या शेडशेजारी ते बघायलाच हवं. नाहीतर नवा एसएमपीएसही रिस्टार्ट देत राहील.

माग चालू करताना मोटर क्षणभर नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. वायर लांब आणि बारीक असेल तर तेवढ्या वेळात तुमच्या सॉकेटचा व्होल्टेज कोसळतो. चांगल्या एसएमपीएसनं इनपुट पूर्ण गेल्यावरही १६ मिलिसेकंद तग धरायची असते, आपल्या ५० हर्ट्‌झच्या एका फेऱ्यापेक्षाही कमी. हा वेळ आतल्या मोठ्या कपॅसिटरवर अवलंबून. साध्या एसएमपीएसमध्ये तोच लहान घालून पैसे वाचवलेले असतात.

बघायचं काय: ४१ च्या नोंदींच्या वेळा काढा आणि शेडमध्ये माग कधी चालू होतात, जेवणाच्या सुट्टीनंतर किती वाजता, त्याच्याशी लावा. यूपीएस त्या वेळी टक करून बॅटरीवर जातो का ऐका. मीटर एसी ७५० वर ठेवून सॉकेटचा व्होल्टेज माग चालू होताना बघा. नियमाप्रमाणे २३० ला ±६ टक्के, म्हणजे २१६ ते २४४. सॉकेटमध्ये प्रोब घालायची सवय नसेल तर वायरमनकडून करून घ्या, ही १२ व्होल्टची गंमत नाही.

अर्थिंगही त्याच वेळी. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे यावेत, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थ तुटलेली आहे: एसएमपीएसच्या फिल्टरमधल्या दोन कपॅसिटरमुळं पत्र्यावर ११० च्या आसपास व्होल्ट तरंगतात. करंट किरकोळ, पण अशा मशीनला प्रिंटर किंवा पेनड्राइव्ह लावताना पोर्ट उडू शकतो. आपल्याकडं खाली काळा पाषाण आणि मुरूम, एप्रिल-मेमध्ये अर्थचा खड्डा ठणठणीत कोरडा. खड्ड्यात पाणी सोडा आणि वरची क्लँप गंजलीय का बघा, निम्म्या तक्रारी तिथंच सुटतात.

जेकार्ड_अशोकचौक | शनिवार, दु. १:२०

५५० चा ब्राँझ बसवला, ५० अंशांचं रेटिंग असलेला. मीटरवर रिकामं १२.१०, दोन्ही एकत्र ११.९८. पाच ५.०४ वरून ५.०२. खोली ४१. तासभर दोन्ही चाचण्या एकत्र, बंद नाही. सीपीयू ८६, जीपीयू ८२.

पण मीटरवाला अण्णा, तुमचंही लागू पडतंय. वायरमननं मोजलं. एरवी २२४, सुट्टीनंतर माग सुरू होताना क्षणभर १९६. न्यूट्रल-अर्थ ९ व्होल्ट. त्या वेळी यूपीएस बॅटरीवर जातो आणि एकदा मशीन रिस्टार्ट झालं.

मीटरवाला | शनिवार, दु. २:०५

दोन वेगळी कामं आहेत.

मेन बोर्डापासून संगणकाच्या खोलीला स्वतंत्र वायर ओढा. २.५ चौरस मिमी तांब्याची, फेज-न्यूट्रल-अर्थ तिन्ही, ६ अँपिअरच्या वेगळ्या एमसीबीवर. शेडच्या आतल्या वायरिंगमध्ये पडणारा व्होल्टेज त्यानं वाचेल, वीजमीटरच्या पलीकडचा ड्रॉप मात्र तसाच राहील. आणि सगळे माग एकदम न टाकता एकामागून एक टाकायला सांगा, हे सगळ्यात स्वस्त. ९ व्होल्ट जास्त आहेत: न्यूट्रलचा जोड सैल, न्यूट्रलची वायर बारीक किंवा अर्थ खराब, क्रमानं तपासायला लावा.

आता यूपीएस. ६०० व्हीए म्हणजे बहुतेक ३६० वॅट. तुमचं मशीन पूर्ण लोडला भिंतीतून ३०० च्या आसपास घेईल, मॉनिटर २५-३०. अगदी काठावर, आणि जुन्या बॅटरीवर काठाच्या पलीकडं. शिवाय नव्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून करंट समतोल ओढणारं सर्किट) असणार. बॅटरीवर चौकोनी लाट देणाऱ्या स्वस्त यूपीएसशी त्याचं काही जोड्यांत जमत नाही, स्विचओव्हरला यूपीएस ओव्हरलोड दाखवून बसतो. चाचणी सोपी: काम सेव्ह करून रेंडर चालू असताना यूपीएसचा प्लग काढा. टिकला तर ठीक. नाही टिकला तर १००० व्हीएचा लाइन इंटरॅक्टिव्ह, शक्यतो साइन वेव्ह घ्या. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी गरमीत लवकर मरते, त्यामुळं यूपीएस कॅबिनेटच्या गरम हवेच्या मागं ठेवू नका.

होटगीरोड_गेमर | शनिवार, दु. ३:१०

खोलीत कूलर लावलाय, पाण्याचा. त्याची हवा सरळ कॅबिनेटवर सोडली तर तापमान मस्त खाली येतं. चालतं का?

ज्वारीची_कडक_भाकरी | शनिवार, दु. ३:४०

कूलर लावा, पण मशीनवर सोडू नका. आपली हवा कोरडी असल्यामुळं कूलरनं खोली चांगली उतरते आणि खोली जेवढी उतरली तेवढाच सीपीयू उतरतो, हे फायद्याचंच. पण थेट झोतात बारीक थेंब येतात, आणि बोअरचं जड पाणी असेल तर वाळल्यावर पांढरी भुकटी पंख्यावर, स्लॉटमध्ये, एसएमपीएसच्या जाळीत बसते. ओली सुताची धूळ तर चिकटून घट्टच होते. झोत भिंतीकडं किंवा माणसाकडं, मशीन झोताच्या बाहेर, खिडकी थोडी उघडी म्हणजे दमट हवा साठत नाही.

सातरस्ता_४ | शनिवार, सायं. ६:१५

बाजूचं झाकण काढून टेबल फॅन लावला तर?

नवीपेठ_रिपेअर | शनिवार, सायं. ६:४०

चाचणी म्हणून उत्तम. झाकण काढल्यावर सीपीयू १०-१५ अंश उतरला तर कॅबिनेटची हवा कोंडलीय, पुढं-मागं पंखे लावा. दोन-तीनच उतरला तर दोष कूलर-पेस्टमध्ये. कायमचं उघडं ठेवायचं म्हणत असाल तर मागाशेजारी महिनाभरात परत तोच थर.

कायमसाठी पुढं खाली १२० मिमीचे दोन आत ओढणारे, मागं वर एक बाहेर टाकणारा. आत जास्त आणि बाहेर कमी ठेवलं की फटींतून तंतू आत खेचले जात नाहीत, येतात ते जाळीतूनच.

जेकार्ड_अशोकचौक | रविवार, सकाळी ११:००

वायरमन उद्या नवी लाइन टाकतोय. न्यूट्रलचा जोड मेन बोर्डातच सैल निघाला, आवळल्यावर ९ चे २ झाले. यूपीएसची प्लग काढायची चाचणी केली, मशीन गेलं. १००० चा बघतो.

एकच राहिलं. जुना ४५० टाकून देऊ की ऑफिसमधल्या बिलिंगच्या मशीनला लावू? त्याला ग्राफिक्स कार्ड नाही, आय३ आहे.

एसएमपीएस_तपासनीस | रविवार, सकाळी ११:२५

वॅटच्या हिशेबानं पुरेल, ते मशीन ८०-१०० च्या वर जाणार नाही. तरी मी लावणार नाही. इतके दिवस मर्यादेबाहेर चाललेला आहे, कपॅसिटर किती उरलेत ते बाहेरून कळत नाही, आणि बिलिंगचा डेटा ज्या हार्डडिस्कवर आहे तिलाच तो ५ व्होल्ट देणार.

तपासायला म्हणूनही उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० च्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. वायरी कापून ई-कचऱ्यात द्या, न कापता दिलात तर तोच पुसून कुणाच्या तरी नव्या कॅबिनेटमध्ये बसेल.